फिरती सभा

गिरणीवाल्या अक्का परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की धान्य दळणं सोपं, माणसं एका खोलीत जमवणं महाकठीण. धान्य निदान पोत्यात गप्प पडून राहतं. माणसाला गुडघे असतात, पाहुणे येतात आणि नेमक्या सभेच्या दिवशीच गाय व्यायला टेकते.

खरं कारण मात्र ना गुडघे होतं, ना गाय. खरं कारण भीती, आणि ती काही खोटी नव्हती. जिल्हा सीमेला चिकटलेला. डोंगरमाथ्यावर कुंपण, पलीकडून तोफेचा गोळा केव्हा येईल त्याचा नेम नाही, आणि अलीकडे वळणावळणावर चौकी. गेल्या वर्षी एक गोळा थेट बाजारचौकात पडला. माणूस कुणी दगावलं नाही, पण परिषदेच्या सभागृहाचं अर्धं छत खाली आलं आणि चौकातली दुकानं एकामागून एक बंद झाली. चौकात जमावबंदी लागली ती अजून उठली नव्हती. सदस्य तर असे काही घरात शिरले होते, की त्यांना बाहेर काढायला गोगलगाईंनीच समजूत घालावी.

दोन सभा माणसं न जमल्यानं बारगळल्या होत्या. अकरांपैकी सात तरी हजर लागत. मागच्या वेळी तिघे आले, त्यातल्या एकाला वाटलं होतं चहा मिळेल. आज तिसरी सभा. आजही सात जमले नाहीत तर परिषद बरखास्त आणि कारभार शहरातल्या कुणा साहेबाच्या हाती. त्याचंही अक्कांना एवढं काही वाटलं नसतं. पण बाहेर परिषद कचेरीच्या व्हरांड्यात एक बाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसली होती, आणि अक्कांचा सगळा जीव त्या ट्रंकेत अडकला होता.

ती नर्स होती. आरोग्य केंद्राला कित्येक महिन्यांत नर्स मिळाली नव्हती. ही मिळाली होती, पण तिचा हुकूम स्पष्ट होता. आज परिषदेनं ठराव करून रुजू करून घेतलं तर राहा, नाहीतर संध्याकाळच्या गाडीनं परत फिरून दुसऱ्या जिल्ह्यात जा. राहायला म्हणून परिषदेनं आपलं गोदाम रिकामं केलं होतं. सकाळी तिनं ते पाहिलं, छतातली भेग पाहिली आणि काही बोलली नाही. न बोलणाऱ्या माणसाची अक्कांना भारी धास्ती वाटे.

आणि घरी सूनबाईला आठवा महिना होता. मागच्या खेपेला तिला ट्रॅक्टरमध्ये घालून शहराकडे नेताना वाटेतल्या चौकीचं फाटक बंद मिळालं, आणि बाळ हाती लागलं नाही. अक्का त्याबद्दल कुणाशी बोलत नसत. गिरणीचा पट्टा सुरू झाला की कुणाला काही ऐकू येत नाही, तेव्हा त्या रडून घेत.

"अजून कुणी नाही," चिटणीस दारातून म्हणाला. हा माणूस नियमावलीशिवाय जेवायलासुद्धा बसत नसे, म्हणून सगळे त्याला पोटनियम म्हणत. त्याला ते नाव मनापासून आवडायचं.

"काय रे पोटनियमा, सभा कुठं घ्यायची असं लिहिलंय?"

"जिल्ह्याच्या हद्दीत, अध्यक्षांच्या टेबलापाशी."

"आणि टेबल कुठं असावं?"

पोटनियमनं नियमावली चाळली, पुन्हा चाळली. "ते लिहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. इतकी वर्षं ज्या घरात राहिलो त्या घराला मागचं दार आहे हे आजच कळावं, तसा त्याचा चेहरा झाला.

अक्का ताडकन उठल्या. "मग उचल टेबल. मामा! ओ मामा, गाडी काढा!"

मामा म्हणजे परिषदेच्या एकुलत्या एक बसचे ड्रायव्हर. बस त्यांच्याच वयाची असावी. दोघंही चढावर खोकत. मागच्या चार सीट काढून टेबल आत चढवलं, त्यावर पितळी घंटा ठेवली. अक्कांनी नर्सची ट्रंक काखोटीला मारली.

"बाई, तुम्ही पुढं बसा. खिडकीशी."

"कुठं जायचंय?" नर्सनं विचारलं.

"सभेला," अक्का म्हणाल्या. "म्हणजे, सभा आणायला."

जिल्ह्याला रस्ता एकच, आणि सगळ्या सदस्यांची गावं त्याच्याच कडेनं. मामांनी प्रत्येकाच्या दारात हॉर्न असा वाजवला की आसपासची कुत्रीही उठून उभी राहिली. घरात लपणं सोपं असतं. दारात आख्खी बस उभी राहिल्यावर आणि शेजारीपाजारी बघायला आल्यावर लपणं अवघड जातं. शिंपीणबाई गळ्यात टेप घेऊनच चढल्या. लोहार हात धुवायला मिळाले नाहीत म्हणून कुरकुरला. कोंबडीवाले काका "आजारी आहे" म्हणाले, तर त्यांच्या बायकोनंच त्यांना पाठीमागून ढकललं. "घरात बसून बसून माझं डोकं खाल्लंय यांनी. घेऊन जा, सावकाश आणा!" मग एकमेकांशी न बोलणारे दोघे सख्खे भाऊ चढले. थोरला डाव्या खिडकीशी बसला म्हणून धाकटा उजव्या खिडकीशी गेला.

अक्कांना धरून सहा झाले. बाकीच्यांपैकी चौघे जिल्ह्याबाहेर नातेवाइकांकडे जाऊन राहिलेले. उरले घड्याळवाले आजोबा. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं; गोळा पडल्यावर शटर ओढलं आणि ते रस्त्याच्या पार टोकाला लेकीकडे जाऊन राहिले. परत चौकात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. परिषदेत प्रत्येक गोष्टीला विरोध करण्याबद्दल त्यांची ख्याती होती, आणि त्यांचं भाषण सुरू झालं की लोक भाकरी बांधून आणायला हवी होती म्हणत.

"मी येणार नाही," ते ओट्यावरून म्हणाले.

"नका येऊ," अक्का म्हणाल्या. "नुसते बसा गाडीत. गाडी येईल तुमच्या वतीनं."

आजोबांनी गाडीकडे पाहिलं, आतल्या माणसांकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाले, "टोपी दे."

ते चढले तेव्हा अक्कांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी घंटा वाजवली, पोटनियमनं सात डोकी मोजली, आणि परतीच्या रस्त्यावर सभा सुरू झाली. मागच्या सभेच्या वृत्तांताचं वाचन एका खड्ड्यात अर्धं राहिलं. तरी सगळ्यांनी तो मंजूर केला. हळूहळू माणसांना कंठ फुटला. शिंपीणबाईंनी लोहाराची बाही फाटलेली पाहिली आणि तिथंच दोन टाके घातले. काका नर्सला खिडकीतून आपलं कोंबड्यांचं खुराडं दाखवत राहिले, ते मागे पडून गेल्यावरही. कितीतरी दिवसांनी ही माणसं एकमेकांना पाहत होती आणि उगाचच हसत होती.

नर्सच्या नेमणुकीचा ठराव अक्कांनी मांडला, आणि आजोबा उभे राहिले.

"हरकत," ते म्हणाले. "नर्सा आल्या आणि गेल्या. ही तरी राहील कशावरून? आणि अध्यक्षबाईंच्या सुनेचे दिवस भरत आलेत, हे सभेपासून लपवायचं कारण काय?"

अक्कांचे कान तापले. एरवी त्यांनी आजोबांना चांगलंच सुनावलं असतं. पण का कोण जाणे, खरंच बोलावंसं वाटलं.

"लपवत नाही, आजोबा. सुनेसाठीच आणलीय मी ही बाई. मागच्या खेपेला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या घरात पुन्हा तसं झालं तर मी उभी राहायची नाही. पण ती माझ्या सुनेपुरती थोडीच राहणार आहे?"

आजोबा घसा खाकरून म्हणाले, "मुद्दा दुसरा."

तोवर बस चौकात शिरली. चौक नुसता ओस. मधल्या वडाखाली हवालदार एकटाच खुर्ची टाकून बसलेला. तो हात वर करून पुढं आला.

"थांबायचं नाही! पाचजण एका जागी थांबले की जमाव होतो."

"अहो, आम्ही प्रवासी आहोत!" मामा ओरडले.

"गाडी चालतेय तोवर प्रवासी. उभी राहिली की जमाव."

पोटनियमनं आदरानं मान हलवली. असा माणूस त्याला क्वचितच भेटे. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला.

झालं. संध्याकाळची गाडी चौकातच येणार, तेव्हा दूर जाऊन चालणार नव्हतं; मामांनी वडाभोवती गाडी वळवली, आणि वळवतच राहिले. आजोबा दुसऱ्या मुद्द्यावरून तिसऱ्यावर गेले, तिसऱ्यावरून रस्त्यावरच्या दिव्यांवर. डिझेलचा काटा खाली चालला होता, ऊन उतरत होतं आणि संध्याकाळची गाडी यायची वेळ होत होती. आजूबाजूच्या माड्यांच्या खिडक्या एकेक उघडू लागल्या. परिषद वडाभोवती गरगर फिरतेय, हे पाहायला म्हाताऱ्या बायकासुद्धा बाहेर आल्या. पोरं टाळ्या वाजवू लागली. एकानं तर मोजायला सुरुवात केली.

"गप्प करा हो त्यांना," लोहार कुजबुजला. अक्कांचा हात घंटेवर गेला, आणि तिथंच राहिला.

कारण त्यांना एक गोष्ट दिसली. आजोबा दुसरीकडे बघून बोलत, पण एक ठरावीक जागा आली की त्यांचा आवाज अडखळे, मान खिडकीकडे वळे, आणि जागा मागे पडली की नवा मुद्दा सुरू होई. पुढच्या फेरीला अक्का वाकून पाहू लागल्या. गंजलेलं शटर, वर घड्याळाचं चित्र काढलेली पाटी, पाटीवर धूळ.

अक्कांनी घंटा सोडली. त्या पुढं गेल्या आणि आजोबांच्या शेजारी बसल्या.

"आजोबा," त्या हळूच म्हणाल्या, "अजून एक फेरी मारायची?"

आजोबांचं बोलणं तुटलं. त्यांनी डोळे पुसले, आणि ते पुसताना कुणी पाहू नये म्हणून टोपी नीट केली.

"मारा," ते म्हणाले. "मग शेवटचा मुद्दा मांडतो."

मामांनी फेरी मारली, अगदी हळू. दुकान पुन्हा आलं तेव्हा आजोबांचा आवाज एकदम ठणठणीत झाला. "या बाईंना गोदामात ठेवायला माझी हरकत आहे. छतात भेग आहे. माझ्या दुकानावर खोली आहे, दाराला आतून कडी आहे. ती त्यांना द्यावी. आणि वर बाईमाणूस एकटं राहणार, तर खाली दुकान उघडं पाहिजे. ते मी उघडीन."

ठरावाला सातही हात वर झाले. धाकट्यानं थोरल्याचा हात पाहून आपला वर केला, तेव्हा थोरला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला म्हणाला, "नीट वर कर की. सभा आहे ही."

"मामा, थांबवा," अक्का म्हणाल्या.

हवालदार धावत आला. चौघांनीच उतरायचं, बाकीच्यांना घेऊन बसनं फिरत राहायचं, असं ठरलं: आजोबा, नर्स, अक्का आणि आजोबांच्या जुडग्यातली नेमकी किल्ली शोधायला पोटनियम. कुलूप उघडलं, पण शटर काही जागचं हलेना. चौघं लोंबकळले तरी हलेना. फिरत्या बसमधली माणसं खिडक्यांतून कळवळून सल्ले देत होती. हवालदारानं शटरकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, मग सावकाश पाठ फिरवली.

"मी आता डोंगराकडे बघतोय," तो जाहीर केल्यासारखा म्हणाला. "डोंगराकडे नीट बघायला वेळ लागतो."

मग काय विचारता! मामांनी ब्रेक दाबला, सगळी परिषद धडाधडा खाली उतरली, माड्यांवरची माणसंही आली, आणि दोघे भाऊ एकाच पट्टीला शेजारी शेजारी लागले. शटर एकदम किंचाळलं आणि वर गेलं. आतल्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं, सगळी बंद, प्रत्येकात वेगळीच वेळ. आजोबा आत गेले आणि एकेकाला किल्ली देत सुटले. टिकटिक सुरू झाली तेव्हा शिंपीणबाईंनी चक्क शिट्टी मारली.

संध्याकाळची गाडी आली, हॉर्न वाजवून उभी राहिली. सगळे नर्सकडे बघायला लागले. सकाळपासून तिनं घराघरातली भीती पाहिली होती, छतातली भेग पाहिली होती आणि वडाभोवतीच्या सगळ्या फेऱ्याही मारल्या होत्या.

नर्सनं मनगटावरचं घड्याळ काढून आजोबांच्या पुढ्यात ठेवलं.

"याचा सेकंदकाटा चालत नाही," ती म्हणाली. "मला नाडी मोजायला लागतो. करून द्याल?"

गाडी तशीच निघून गेली. आजोबांनी भिंग डोळ्याला लावलं, आणि बऱ्याच वेळानं काटा हलला.

"चालतोय," ते म्हणाले. "पण खात्री करायला नाडी पाहिजे कुणाची तरी."

"आमच्या घरी आहे," अक्का म्हणाल्या. "एक सोडून दोन आहेत."

नर्स हसली, घड्याळ मनगटाला बांधत उठली आणि तिनं घर कुठल्या बाजूला ते विचारलं.