रविनाचे सहा सेकंद

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. किती वाजले, हे मला विचारू नका. ते मला कधीच सांगता आले नाही. मला तीनच कामे येतात. बटण दाबले की धावायचे, पुन्हा दाबले की थांबायचे, तिसऱ्यांदा दाबले की शून्यावर परत यायचे. एवढ्या आयुष्यात मी एकदाही चुकीचा आकडा दिला नाही. तरीही माझ्या आकड्यांनी काही मुलांचे नुकसान झाले. ते कसे झाले, हे तुम्हाला कळावे म्हणून मी बोलते आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली आठवण धुळ्याच्या दुकानातली आहे. तिथून मला शहादा तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आणले. माझ्याबरोबर एक आरसा होता, शब्द लिहिलेले पुठ्ठे होते आणि लाकडी चक्रव्यूह होता. अकरावी-बारावीला मानसशास्त्र हा विषय नवा सुरू झाला होता आणि हे सगळे त्याचे सामान होते. खेळाच्या सरांनी मला पाहिले आणि लगेच मागितले. त्या विषयाच्या आशा मॅडम हसून म्हणाल्या, "सर, तुमची पोरं मैदानात धावतात. माझी पोरं बाकावर बसून धावतात. घड्याळ माझंच राहील."

त्यांनी मला काळी नाडी बांधली आणि गळ्यात घातले. अठरा वर्षे मी तिथेच होते.

दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला तेच प्रश्न येत. मैदानी गावांतली मुले आहिराणीत विचारत, "मॅडम, समोरना मानूसना मनमा काय शे, ते आम्हले समजी का?" कोणी वेड्यांच्या दवाखान्याबद्दल विचारी. म्हसावदची गायत्री नावाची मुलगी एकदा उभी राहून म्हणाली, "मन्ही माय म्हने, मानूसशास्त्र लिधं ना, मंग मानसे वयखता येतीन. नवरा चांगला देखजो!"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'मानस' लिहिले. म्हणाल्या, "मानूस नाही गं, मानस. म्हणजे मन. या विषयात जादू नाही, हे आधीच सांगते. आपल्याला आठवतं कसं, आपण विसरतो कसे, राग आला की शरीरात काय होतं, ताण कशाने वाढतो, हे शिकायचं. पाठांतर थोडं, बघणं जास्त. प्रयोग करायचे, वही लिहायची, फेब्रुवारीत बाहेरचे परीक्षक येतील त्यांना दाखवायची. आणि एक सांगते. दोन महिन्यांत तुम्हाला वाटायला लागेल की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी आजार आहे. तसं वाटलं की पुस्तक मिटायचं आणि भाकरी खायची."

असे त्या सांगत, पण शेवटी स्वतःच ते विसरल्या.

माझे खरे काम शब्दांच्या प्रयोगात असे. दोन मुले समोरासमोर बसत. विचारणारा तो प्रयोगकर्ता आणि उत्तर देणारा तो प्रयुक्त. प्रयोगकर्ता एक शब्द म्हणे आणि माझे बटण दाबे. प्रयुक्ताने मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा. तो बोलला की मला थांबवायचे. 'घर' म्हटले की कोणी 'दार' म्हणे, कोणी 'आई'. बहुतेकांना दीड-दोन सेकंद लागत. एखाद्या शब्दाला फार उशीर झाला तर तिथे मनात काहीतरी अडकले असेल, असे मॅडम शिकवत. मग त्या मुलाला एकटे बोलावून प्रेमाने विचारत. त्यातून पुष्कळ मुलांचे भले झाले. एका मुलीचे सोळाव्या वर्षी ठरवलेले लग्न त्यामुळे थांबले. परीक्षकांनी माझ्याकडे बोट दाखवून म्हटले होते, "मॅडम, हे घड्याळ जपा."

त्या वेळी मला फार अभिमान वाटला होता.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. बारावीच्या वर्गात रविना नावाची मुलगी होती. ती धडगावच्या वरच्या पाड्यातली पावरा आदिवासी मुलगी. तालुक्याच्या वसतिगृहात राहायची आणि आपल्या पाड्यातून बारावीला पोहोचलेली ती पहिलीच होती. तिला पुढे डी.एड. करून आश्रमशाळेत शिकवायचे होते. त्या दिवशी ती प्रयुक्त झाली आणि गायत्री प्रयोगकर्ता.

"पाणी," गायत्री म्हणाली.

मी धावू लागले. दोन, तीन, चार. रविना खाली बघत होती. सहाव्या सेकंदाला ती म्हणाली, "नदी."

"चूल." पाच सेकंद. "रस्ता." सहा. वीस शब्द झाले आणि वीसही वेळा तसेच. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, "घडीनी चावी सरी जाई, पन हाई बोलाव नही!"

"हाई तं झोपी गयी," दुसरा म्हणाला.

गायत्री त्यांच्यावर खेकसली, "गप बसा रे! तुमना नंबर येऊ द्या, मंग देखसू." पण रविनाचे कान तोवर लाल झाले होते.

मॅडमनी वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. एखाद्या शब्दाला उशीर होणे वेगळे, पण इथे तर सगळ्याच शब्दांना उशीर. एवढीशी पोर, केवढे ओझे घेऊन फिरत असेल, असे त्यांना वाटले. त्यांनी हिरव्या शाईने वहीत शेरा लिहिला, 'प्रतिसाद मंद. भावनिक अडथळा संभवतो. पालकांशी बोलावे.' मग तिला बाजूला घेतले.

"घरी काही त्रास आहे का गं?"

रविना थांबली. "नाही, मॅडम."

"वडील पितात का? कोणी मारतं का? मला सांग, मी कोणाला सांगणार नाही."

"नाही, मॅडम."

प्रत्येक 'नाही'च्या आधी ती थांबत होती. मॅडमना ते थांबणेच खरे वाटले आणि 'नाही' खोटे. त्यांनी तिच्या वडिलांना निरोप पाठवून बोलावले.

रेंग्यादादा दोन गाड्या बदलून आले. खुर्चीवर बसा म्हटले तरी टेकल्यासारखे बसले. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, पोरीच्या मनात काहीतरी अडकलं आहे."

दादांनी मुलीकडे पाहिले. "अडकला? कोनी अडकवला?"

"कोणी असं नाही दादा, मनातच—"

"कवापासून?"

"ते शोधावं लागेल."

दादा उठले. "शोधतो ना, म्याडम. आमच्याकडे मानूस हाय शोधायला."

मॅडमना वाटले, दादा तालुक्याच्या दवाखान्यात नेतील. दादांना वाटले, मुलीवर कोणीतरी काहीतरी केले आहे, आणि एवढी शिकलेली बाई सांगते म्हणजे ते खरेच आहे. रविनाला ट्रंक घ्यायलाही वेळ मिळाला नाही. ते तिला पाड्यावर बडव्याकडे, म्हणजे तिथल्या भगताकडे, घेऊन गेले.

दहा दिवस झाले, रविना आली नाही. परीक्षकांची तारीख जवळ आली. त्या दिवशी गैरहजर राहिली तर तिचे वर्ष जाणार होते, आणि एकदा वर्ष गेले की वरच्या पाड्यातली मुलगी परत येत नाही, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत होते. मॅडम रोज फोन लावत. वर रेंज नसे. त्या मला मुठीत धरून बसत.

बाराव्या दिवशी रविना दारात उभी राहिली.

"अगं, कुठे होतीस? कशी आहेस?"

"बरी आहे, मॅडम. बडव्याने पुष्कळ विचारलं. रात्री झोप लागते का, कोणाची भीती वाटते का. मी सगळं सांगितलं." ती थोडी थांबली आणि मग पहिल्यांदाच हसली. "तो बाबाला रागावला. म्हणाला, ही पोर माझं बोलणं पुरं होऊ देत नाही. हिला बोलती करायला आणलंस की गप्प करायला? जा, हिला कॉलेजात सोड."

मॅडम हसल्या नाहीत. "तिथे तू पटापट बोललीस?"

"तिथे आमची भाषा ना, मॅडम. इथे तुमचा शब्द मी आधी आमच्यात नेते. तिथे उत्तर येतं. मग ते मराठीत आणते. मराठीत बरोबर आहे का, ते बघते. मग बोलते."

मॅडमनी विचारले, "मग त्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं, घरी त्रास आहे का. घरी काय बोलता, असं नाही विचारलं."

मॅडमनी मला गळ्यातून काढले आणि तिच्या हातात दिले. "आता तू प्रयोगकर्ता. तुमच्या भाषेत विचार. मी प्रयुक्त."

रविनाने अंगठा बटणावर ठेवला. तिने एक शब्द म्हटला. मॅडमनी अठरा वर्षे आठवडे बाजारात पावरी ऐकली होती, आपल्याला ती थोडीफार येते असे त्यांना वाटत असे. पहिल्या शब्दाला त्यांना सात सेकंद लागले. दुसऱ्याला नऊ. तिसऱ्या शब्दाला माझा काटा अर्धा फेरा पुरा करून पुढे गेला आणि मॅडमच्या तोंडून काहीच आले नाही.

रविनाने मला थांबवले. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, तो शब्द तर 'मीठ' होता."

मॅडमनी शेऱ्यावर काट मारली आणि खाली सही केली. रविनाने प्रात्यक्षिक परीक्षा दिली. ती बारावी पास झाली आणि सध्या डी.एड. करते आहे. गोष्ट इथे संपली असती तर मी आनंदाने पेटीत पडून राहिले असते.

पण त्याच संध्याकाळी मॅडमनी कपाट उघडले. प्रयोगांचे निकाल त्या एका मोठ्या नोंदवहीत लिहून ठेवत. अशा अठरा वर्षांच्या वह्या तिथे होत्या. त्या एकेक पान उलटू लागल्या. वरच्या पाड्यांतली मुले, नवापूरच्या डोंगरातली मुले, त्यांचे पाच सेकंद, सहा सेकंद, आणि समोर तोच शेरा, त्याच हिरव्या शाईत. काहींना त्यांनी वर्गात सर्वांसमोर 'तुझा प्रतिसाद मंद आहे' असे समजावून सांगितले होते. काहींच्या वडिलांना बोलावले होते. त्या सगळ्यांना आपण मदत करतो आहोत, असे त्यांना वाटत होते. त्यांनी नावे वेगळ्या कागदावर उतरवली. एकेचाळीस झाली. त्यांतल्या कितीतरी जणांनी वर्ष अर्धवट सोडले होते. सगळे माझ्यामुळे गेले, असे मी म्हणत नाही. कोणी ऊसतोडीला गेले असतील, कोणाचे लग्न झाले असेल. पण कोण कशामुळे गेले, हे कोणीच विचारले नव्हते. आणि ते आकडे मीच दिले होते.

मॅडमनी त्या मुलांना शोधायला सुरुवात केली. मी त्यांच्या पर्समध्ये असे. पहिला सापडला तो गोवाल. आता तो टेम्पो चालवतो. बाजाराच्या दिवशी तो मिरच्या उतरवत होता. मॅडमनी त्याला सगळे सांगितले आणि त्याची माफी मागितली.

"अहो मॅडम, सोडा ना," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली. मी तर विसरून गेलो." मग त्याने हातातले पोते खाली ठेवले. "नाही. विसरलो नाही. माझा पोरगा चौथीला आहे. त्याला गणित आलं नाही की मी म्हणतो, जाऊ दे, आपल्या घरात डोकं हळूच चालतं."

मॅडम टेम्पोला धरून उभ्या राहिल्या. मी पर्समध्ये होते, मला कोणी चावी दिली नव्हती, तरी वाटले की आपण धावतो आहोत आणि कोणी थांबवत नाही.

त्या उन्हाळ्यात मॅडमना सहा जण सापडले. दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या आणि संक्रांतीच्या आधी गेल्या. शेवटच्या दिवसांतही तो कागद उशाशी असे. त्या बोट ठेवून नावे वाचत आणि कोणाचे गाव कुठले ते घरच्यांना सांगत.

आता मी त्यांच्या घरी खिडकीत असते. कॉलेजात मोबाइलवर वेळ मोजतात, मला कोणी परत मागितले नाही. घरचे रोज सकाळी चावी देतात. रविना सुट्टीत आली होती, तेव्हा नावे लिहून घेऊन गेली. तिला आणखी तिघे सापडले. बत्तीस जण राहिले आहेत.

मित्रांनो, म्हणून तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्या घरात किंवा पाड्यात असे कोणी असेल, ज्याला कधीतरी शाळा-कॉलेजात सांगितले गेले की तू मंद आहेस, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याला सांगा की त्या पाच-सहा सेकंदांत तो एका भाषेतून दुसरीत जाऊन परत येत होता, आणि समोरच्याला तेवढेही जमले नसते. तो म्हणेल, मी विसरलो. तरीही सांगा. त्याची मुले जवळ असतील तर त्यांच्यासमोर सांगा.

उद्या तुम्हीही हा विषय घ्याल. तुमच्याही हातात घड्याळ येईल आणि समोर कोणीतरी खाली मान घालून बसलेले असेल. आधी त्याला विचारा, घरी काय बोलता. मग बटण दाबा.