हाताने आवळलेले नट

लक्ष्मणरावांनी पाना खाली ठेवला, खिशातला मार्कर काढून मागच्या चाकाच्या नटावर पिवळा टिपका दिला आणि गाडी पुढे सरकवली. पुढच्या जागेवर चेनचं कव्हर बसवणाऱ्या पोरीने ती हँडलला धरून ओढून घेतली. तेवढ्यात लाइनच्या टोकाशी क्वालिटीचे प्रज्वल साहेब हाताने बोलावताना दिसले. लाइन चालू असताना साहेब कुणाला बोलावत नसत. लक्ष्मणरावांनी हातमोजे काढून पट्ट्यात खोचले.

चाकणच्या त्या कारखान्यात टिपका म्हणजे सही. प्रत्येक पर्मनंट कामगाराचा रंग वेगळा. नट ठरल्या जोराने आवळला की आपल्या रंगाचा टिपका द्यायचा, आणि एकदा टिपका पडला की त्या नटाला पुन्हा कुणी पाना लावायचा नाही. तपासणीवाले टिपका बघून गाडी पुढे सोडत. पिवळा रंग लक्ष्मणरावांचा. आकुर्डीत स्कूटर जोडायला लागल्यापासून त्यांची एकतीस वर्षं झाली होती, आणि जूनअखेर ते रिटायर होणार होते.

कारखान्यात बाकी सगळीकडे विजेच्या बंदुका नट आवळत आणि चुकलं तर स्वतःच बोंब मारत. फक्त ही एक लाइन हाताची होती, कारण इथे हार्डविक मोटारसायकल बनायची. हार्डविक मूळची बर्मिंगहॅमची. ती तिकडे १९७१ सालीच बुडाली. मोटारसायकलींच्या कंपन्या जगभर अशाच मरतात. इंग्लंडात, इटलीत, कुठे कुठे कारखान्याला टाळं लागतं, यंत्रं भंगारात जातात, कामगार घरी बसतात आणि नाव तेवढं मागे उरतं. नावाला मात्र गिऱ्हाईक मिळतं. इथल्या कंपनीने ते नाव विकत घेतलं, जुन्या वळणात टाकीवर लिहिलं आणि गाडी बेल्जियम-जर्मनीला पाठवायला सुरुवात केली. तिच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापलं होतं की हिचा प्रत्येक नट माणसाच्या हाताने आवळलेला आहे. शेजारी फोटो होता तो लक्ष्मणरावांच्या हाताचा. चेहरा घ्यायची कुणाला गरज वाटली नव्हती. लक्ष्मणरावांनी ते पान तरीही कपाटाच्या काचेमागे लावलं होतं.

प्रज्वल साहेबांनी केबिनचं दार लावलं आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एका गोऱ्या माणसाची दोन बोटं होती आणि त्या बोटांत चाकाचा नट फिरत होता. नटावर पिवळा टिपका होता.

"बेल्जियमच्या डीलरने पाठवलंय. एका गाडीचं चाक त्याला तिरकं वाटलं म्हणून त्याने सगळ्या बघितल्या. अकरा गाड्यांचे नट ढिले. सगळ्या एकाच दिवसाच्या, अकरा तारखेच्या फेब्रुवारीतल्या, पहिल्या शिफ्टच्या, जेवणानंतरच्या."

लक्ष्मणरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"स्टेशन तुमचं आहे, काका."

"माझंच हाय. पन नट माझा ढिला न्हाई निघायचा, साहेब. एकतीस वर्सांत एक तक्रार दावा."

"तेच तर. मग हे झालं कसं?"

लक्ष्मणरावांनी खरोखर विचार केला. उजवा खांदा दोन वर्षं कुरकुरत होता. घरी त्यांच्या पत्नी आक्काबाई रोज शेक द्यायच्या. पण टॉर्कचा पाना ठरल्या जोराला पोचला की मुठीत एक झटका देतो, आणि तो झटका आपल्या हाताला कळतो, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती. इतकी वर्षं झालेल्या माणसाला तसल्या शंका येत नाहीत. मग उरलं कोण?

"माझ्यापुढं चेनची पोरगी हाय," ते म्हणाले. "चेन जादा ताठ निघाली तर गाडी माझ्याकडं माघारी धाडायची, असा नियम हाय. ह्या कंत्राटी पोरी येळ वाचवाया सवताच नट सैल करत्यात, चेन सारखी करत्यात अन् नट तसाच सोडत्यात."

"तिला तसं करताना तुम्ही पाहिलंत? इथे रकाना आहे. प्रत्यक्ष पाहिलं असेल तरच भरता येईल."

साहेबांचं पेन कागदावर थांबलं होतं.

"पाह्यलं," लक्ष्मणराव म्हणाले.

त्यांनी आडनावासकट सही केली. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलंसुद्धा नाही. आपला नट ढिला असणं शक्य नाही, म्हणजे तो तिनेच सैल केला असणार; मग पाहिलं काय आणि न पाहिलं काय, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, पोरगी आली नाही. कंत्राटी माणसाची चौकशी बसत नाही, गेटवर पास काढून घेतात आणि बसमध्ये बसवून देतात. तिच्या जागी नवी आली. लाइन पाच मिनिटंही थांबली नाही. सूचनाफलकावर कागद लागला तेव्हा लक्ष्मणरावांना कळलं की पोरीचं नाव निशिगंधा होतं. सात महिने ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

आठवडाभर त्यांना थोडं चुटपुटल्यासारखं होत राहिलं. पोरगी कामाला चांगली होती, पाण्याची बाटली भरून द्यायची. भोसरीत त्यांच्या पुतण्याचा खोके बनवण्याचा कारखाना होता, तिथे पॅकिंगला एक मुलगी हवी होती. कंपनीला सुट्टी असते त्या गुरुवारी त्यांनी बसच्या ड्रायव्हरकडून पत्ता मिळवला आणि काळेवाडी गाठली. आपल्याशी असं वागलेल्या मुलीचंही आपण भलं बघतो, याचं त्यांना वाटेत बरंच कौतुक वाटत होतं.

गिरणीच्या वरची खोली होती. एका मुलीने दार उघडलं.

"काय पोरी, बरी हायेस ना?" लक्ष्मणराव हसून म्हणाले.

मुलगी हसली नाही. "मी वर्षाली. ताई आत आहे."

निशिगंधा ओले हात पुसत बाहेर आली, त्यांना पाहून गडबडली आणि आधी पाणी आणायला वळली. खोलीत एकच खुर्ची होती, ती त्यांना दिली. खालच्या गिरणीची घरघर पायांना जाणवत होती. लक्ष्मणरावांनी पेला हातात घेतला आणि वाटेत जुळवलेलं बोलून टाकलं.

"झालं गेलं इसरायचं. चूक मानसाच्याच हातनं व्हती. मी मनात काय ठिवलं न्हाई. पुतन्याला बोललोय, सोमवारपासनं तू भोसरीला जा."

"चूक कुणाची?" वर्षालीने विचारलं.

"वर्षे, गप बस."

"का गप बसू? सात दिवस गपच बसलेव की." ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, अकरा फेब्रुवारीला ताई तिथं नव्हतीच. परभणीला गेलती. आयटीआयचा एक पेपर राहिलता तिचा. सुट्टी मागितली तर ठेकेदाराचा माणूस म्हणला, उद्यापासून येऊच नको. म्हणून तिचा पास गळ्यात घालून मी आलते. टोपी, मास्क, सगळं तिचं. आठ तास तुमच्या शेजारी उभी होते मी. तुम्ही मला दोनदा पोरी म्हणलात."

लक्ष्मणरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग निशिगंधाकडे. दोघींच्यात फारसं साम्य नव्हतं. वर्षाली चांगली चार बोटं उंच होती.

"मग तू सैल केलास नट," ते म्हणाले. आवाजात आता पहिला जोर नव्हता.

"मी हातच लावला नाही. सैल केला नाही अन् आवळलाबी नाही. आवळायचा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. ताई सांगायचं विसरली."

"नट मी आवळतो. तुमी कशाला आवळाल?"

वर्षालीने बहिणीकडे पाहिलं. निशिगंधा ओट्याला टेकून उभी होती. ओढणीचं टोक ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"काका, तुमचा खांदा दुखतो ना," ती म्हणाली. "सकाळचे नट चांगले असतात. जेवणानंतर हात झटक्याच्या आधीच थांबतो तुमचा. तुमाला वाटतं बसला म्हणून. दिवाळीपासून बघत होते मी. मग कव्हर लावता लावता माझ्या पान्यानं एक ओढ द्यायचे. टिपक्याला धक्का लागू द्यायचे नाही."

"रोज?"

"रोजच की."

"मला का न्हाई बोललीस?"

"कसं बोलणार? तुमी किती मोठे. त्या पुस्तकात तुमचा हात छापलेला."

लक्ष्मणरावांना आधी संताप आला. काल आलेल्या पोरीने आपल्या मागून आपलं काम निस्तरावं आणि आपल्याला त्याचा पत्ता नसावा! त्यांना पेला आपटून उठावंसं वाटलं. पण मग पाना धरलेला स्वतःचा हात डोळ्यांपुढे आला, दुपारी तीनच्या सुमाराचा, आणि त्या वेळचा झटका आठवायला गेले तर तो आठवेना. केबिनमधला "पाह्यलं" हा शब्द तेवढा लख्ख आठवला. लाजेने त्यांचे कान तापले.

"साहेबाला सांगायचं व्हतं."

"मला कुणी बोलावलं काका? गेटवर पास घेतला, बसमधी बसवलं. अन् सांगून काय, वर्षालीचं नाव आलं असतं, गेटवर पास बघणारा अडकला असता. तुमचं तर तीनच महिने राहिलेत."

ती हे समजुतीने बोलली. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोसल्या असत्या.

जिन्यापर्यंत पोचवायला आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या जागी जी आलीय ना, तिला तेवढं सांगा. जेवणानंतर नट बघत जा म्हणावं. सात दिवस कुणीच बघितले नसतील."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर लक्ष्मणरावांनी पाच गाड्यांचे नट आवळले आणि पाचही वेळा मुठीत झटका आला असं त्यांना वाटलं. मग सहाव्या गाडीवर त्यांनी पाना पुन्हा चढवला, दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकला. पाना फिरला. चांगला पाव आटा फिरला आणि मग झटका बसला. असा स्वच्छ झटका हाताला बसून किती दिवस झाले, ते त्यांना सांगता आलं नसतं. मागच्या पाच गाड्या पुढे गेल्या होत्या. नव्या मुलीने मान वर करून विचारलं, "काय झालं काका?" त्यांनी लाइन थांबवायची दोरी ओढली नाही. हाताखालच्या माणसाला जागेवर उभं केलं आणि न बोलावता ते केबिनकडे चालू लागले. साहेबाला सगळं सांगायचं हे त्यांनी ठरवलं होतं. पहिलं वाक्यही ठरलं होतं: मी त्या दिवशी काही पाहिलं नव्हतं.

प्रज्वल साहेब खुशीत होते. "या काका, बसा. तुमचीच आठवण काढत होतो. बेल्जियमची फाइल बंद झाली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही होती म्हणून लगेच मानलं त्यांनी. नाहीतर सगळा माल अडवून एकेक नट तपासत बसलो असतो."

"अडवला न्हाई व्हय माल?"

"कशाला? कारण सापडलं, माणूस बदलला, विषय संपला. नवा लॉट काल न्हावाशेव्याहून सुटला. दोनशे चाळीस गाड्या."

लक्ष्मणराव खुर्चीच्या पाठीला धरून उभेच राहिले. दोनशे चाळीस म्हणजे निशिगंधा गेली त्या बुधवारपासूनचे कामाचे सहा दिवस. एका दुपारच्या अकरा, तर सहा दुपारच्या किती, हे त्यांनी मनात मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं.

"तिकडं उतरल्यावर पुन्हा तपासत्यात का, साहेब?"

"टिपका दिसला की नाही तपासत. त्यासाठीच तर टिपका असतो. का हो?"

बाहेर लाइन चालू होती. केबिनच्या काचेतून तयार गाड्या एकामागून एक सरकताना दिसत होत्या, टाकीवर सोनेरी अक्षरांत बर्मिंगहॅमचं नाव. लक्ष्मणरावांनी घसा साफ केला. साहेब वाट बघत होते.

"न्हाई, असंच इचारलं," ते म्हणाले. "खांदा लई दुखतोय, साहेब. माझी शिलकीतली रजा हाय नव्वद दिवसांची. ती आजपासनंच धरा."

"आजपासून?" साहेबांना नवल वाटलं, पण त्यांनी कागद पुढे केला. "बरं. पण निरोप समारंभाला तरी यायचं हं. तुमच्या हस्ते नव्या पोरांना बक्षिसं द्यायची आहेत."

"यीन की," लक्ष्मणराव म्हणाले.