ऑर्व्हलची ठेव

थोरल्या भावाला पुरून आल्यावर ऑर्व्हल ट्वेट घरात एकटाच उरला. अमेरिकेतल्या मोंटानाच्या ओसाड मुलखात तो तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवत आला होता. दोघेही भाऊ बिनलग्नाचे, एकाच टेबलावर जेवणारे. आता तो मोरीपाशी उभ्यानेच डब्यातलं सूप पिऊन घ्यायचा. झोप उडाली. मनात नको नको ते यायला लागलं, तेव्हा त्याने धीर करून मनाच्या डॉक्टरांकडे फोन लावला. दवाखाना दीडशे मैलांवर. "अकरा आठवड्यांनंतरची वेळ आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

त्याच दुपारी भावाचं पिस्तूल टॉवेलात गुंडाळून तो रोंडा केसलच्या बंदुकांच्या दुकानात गेला. आधी एक गिऱ्हाईक होतं. रोंडाने फॉर्म भरून घेतला, त्याच्या नावावर गुन्हा नाही ना ते विचारायला एक फोन केला; तिने ऑर्व्हलला दिलेली कॉफी संपायच्या आत तो माणूस नवी रायफल घेऊन गेलासुद्धा.

"काय रे, विकायचंय?" रोंडाने विचारलं.

"नाही. ठेवून घे."

"किती दिवस?"

"अकरा आठवडे. डॉक्टर तेव्हा भेटणारेत."

"कसले डॉक्टर?"

ऑर्व्हलने टॉवेलाची गुंडाळी तिच्याकडे सरकवली. रोंडाला कळलं. तिने पिस्तूल तिजोरीत टाकून कुलूप लावलं.

"दर मंगळवारी, शुक्रवारी इथे तोंड दाखवायचं. नाही आलास तर मी घरी येईन, आणि तुझ्या हातची कॉफी काही मला प्यायची नाहीये."

तो येत राहिला. दोघं फारसं बोलत नसत. अकराव्या आठवड्यात दवाखान्यातून फोन आला: डॉक्टर नोकरी सोडून गेलेत, आणखी सात आठवडे थांबा.

ऑर्व्हल तडक दुकानात गेला. "माझी वस्तू दे."

"आज नाही."

"माझी आहे ती, रोंडा!"

"तुझीच आहे, कोण नाही म्हणतंय? पण आज मिळणार नाही. ओरड हवं तेवढं."

तो ओरडला. मग काउंटर धरून रडला, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. रोंडाने दाराला कडी घातली आणि शेजारी येऊन उभी राहिली.

एप्रिलात तो दीडशे मैल गाडी हाकत गेला. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही." मग तो भाऊ गेल्याचं सांगायला लागला. बाईंनी घाई केली नाही.

पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. परतताना मैलोन्मैल रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. तो भावाला नावाने हाक मारून त्याच्याशी मोठ्याने बोलत राहिला, पार घर येईपर्यंत.