ज्ञानबाचा दगड

पुण्याहून आलेला प्रोफेसर बुटासकट ओसरीवर चढला आणि टेकायच्या आधीच म्हणाला, "ज्ञानबाचे दगड कुठं आहेत?"

सोजरबाईच्या कपाळाची शीर उडाली. लेक जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. परकं माणूस दुःखाच्या घरी आलं तरी आधी बसतं, कसं झालं म्हणून विचारतं, खोटी का होईना दोन टिपं गाळतं. ह्यानं घोटभर पाणीदेखील मागितलं नाही. शिकलेल्याला रीत कोण शिकवणार!

तिनं थोरल्या रामहरीला डोळ्यानं खुणावलं. त्यानं आतून पिशव्या आणून ओसरीवर ओतल्या.

ज्ञानबा तिचा धाकटा. केम गावातनं सोलापुरात शिकला, पुढं पुण्याला ह्याच प्रोफेसराच्या हाताखाली गेला आणि सुट्टीला यायचा तो हातोडी-छिन्नी घेऊन. एकाच बांधावरची एक विहीर गोड, दुसरी खारी, असं का, ह्याचाच त्याला घोर. करमाळ्याच्या अंगानं एक विहीर सोडली नाही. दगड कुटायचा, तेजाबात विरघळवायचा.

"आई, खार मातीतला न्हाय, पार तळच्या दगडातला हाय," म्हणायचा.

"घरच्या भाकरीत मीठ कमी पडलं का रं, दगडातलं हुडकतूस?" ती म्हणायची. पण गावात कुणी त्याला खुळा म्हटलं की त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. त्याचं लिहिणं विलायतेत छापून आलं तेव्हा, इंग्रजीचं अक्षर कळत नसताना, तो कागद तिनं अख्ख्या आळीला दाखवला होता.

प्रोफेसर एकेक दगड उचलून वरची चिठ्ठी वाचत होता. शेवटची पिशवी त्यानं झटकली.

"पडक्या विहिरीतला कुठाय? तळाचा?"

"त्यो न्हाय," रामहरी म्हणाला.

"नाही कसा? त्याच्यासाठीच तर तो उतरला होता!"

खरं होतं. त्या तळच्या दगडावरच ज्ञानबाचं सगळं म्हणणं उभं होतं. आधी आणलेला तुकडा तपासण्यातच संपला. मग जर्मनीतला कुणी पंडित म्हणाला, असे आकडे येणंच शक्य नाही, दगड पाठवा. प्रोफेसरानं तसं ज्ञानबाला कळवलं. ज्ञानबा कमरेला दोर बांधून पुन्हा उतरला. खाली हवा कोंदलेली. वर ओढला तेव्हा अंग गार पडलं होतं, आणि खांद्याच्या पिशवीत दगड होता.

"त्यो मी दिला," सोजरबाई म्हणाली. "रामहरीच्या हातात. जीवखड्याला."

जीवखडा म्हणजे चितेभोवती फिरताना मडकं फोडायचा तो दगड. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्यातच राहतो म्हणतात.

"अहो, मसणात दगडांची काय वाण होती?" प्रोफेसर ओरडला.

"हुतं की पुष्कळ. पर माझ्या लेकानं ज्याच्यापायी जीव दिला, त्यो सोडून परका दगूड कशाला घिऊ?"

"आता कुठाय?"

"दहाव्याला सीना नदीत सोडला."

रिकामी पिशवी टाकून प्रोफेसर दगडांपाशीच बसला. "बाई, काय केलंत हे! दुसरा पुरावा नाही. आता मलाच जर्मनीला लिहावं लागणार, ज्ञानबाचे आकडे धरू नका म्हणून. पुढं त्याचं नावसुद्धा कुणी घेणार नाही."

सोजरबाई ओसरीवरच्या दगडांकडं बघू लागली. लेक एकदा गेला, तो दैवानं. दुसऱ्यांदा तो आपल्याच हातानं पाण्यात गेला होता. समोर पडलेल्या प्रत्येक दगडावर त्याचं बारीक अक्षर होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. "आई," म्हणत रामहरीनं खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झिडकारला.

मग तोंडातला पदर काढून तिनं विचारलं, "रामहरी, ती हीर बुजली का रं?"

"न्हाय की."

"तळाचा दगूड?"

"तितंच हाय. जाईल कुटं?"

प्रोफेसरानं मान खाली घातली. "तिथं आता कोण उतरणार, बाई? हवा माणूस मारते."

सोजरबाई उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"मास्तर, वर बघा. तुमी दगूड आणा म्हणला, तवा माझ्या लेकानं हवा मारती का, असं इचारलं न्हाय. आता तुमी सोता उतरा. उतरवत नसंल तर जर्मनीला लिवा, मी जिवाला भ्यालो म्हणून. माझा ज्ञानबा खोटा हुता, असं लिवू नगा."