उतोच्या गळ्यातली पाटी

मित्रांनो, तळहाताएवढी, वर भोक पाडून दोरी ओवलेली मी एक जुनी लाकडी पाटी आहे. माझ्यावर काळ्या शाईने लिहिलंय, 'घरची बोली बोलल्याची शिक्षा'.

माझं कूळ विचाराल तर मी राजाच्या जहाजाची फळी. आमच्या ओकिनावाच्या बेटांवर राजा होता, त्याची जहाजं चीनपर्यंत जात, आणि मी जहाजाच्या नाकावर बसून देवमाशांना वाट विचारत असे. पुढे जपानी सरकारने राजाला तोक्योला नेलं, राज्य गेलं, जहाजं मोडली, आणि मी शाळेत नोकरीला लागले. आमचे उएझु गुरुजी मात्र सांगत, की त्यांनी मला माशांच्या खोक्यातून कापून काढलं. गुरुजींचं वय झालं होतं. तुम्ही लक्ष देऊ नका.

माझं काम सोपं होतं. शाळेत जपानीच बोलायचं. कुणाच्या तोंडून घरची बोली निघाली की मी त्याच्या गळ्यात. मग त्याने कान टवकारून फिरायचं, आणि दुसरं कुणी चुकलं की त्याच्याकडे बोट दाखवून मला त्याच्या गळ्यात घालायचं. शाळा सुटताना मी ज्याच्या गळ्यात, त्याने संडास धुवायचे.

पोरं बिलंदर होती. कुणी चुकेना, तर त्याच्या पायावर टाच द्यायची. कळ मस्तकात गेल्यावर जपानी कुणाला आठवतंय? 'आगा' निघायचंच, म्हणजे तुमचं 'आई गं'. यात अकरा वर्षांची उतो सगळ्यांची उस्ताद. तिच्या टाचेखाली एकदा खेकडासुद्धा 'आगा' म्हणाला, हे मी स्वतः ऐकलंय. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी मला हातात घेऊन सांगितलं, की दहा मास्तरांना जमत नाही ते ही फळी करते. त्या दिवशी मी इतकी फुगले की दोरी तुटायची राहिली.

मग १९४५ सालचा तो वसंत आला. समुद्रावर अमेरिकेची इतकी जहाजं उभी राहिली, की पाणी दिसेना. शाळेच्या छपरावर पहिला गोळा पडला, तेव्हा उतो मैत्रिणीला 'खाली वाक' म्हणून ओरडली, आणि तेही घरच्या बोलीत. त्या वेळी मी त्या मैत्रिणीच्याच गळ्यात होते. तिने आधी मला काढून उतोच्या गळ्यात अडकवलं आणि मग ती वाकली. इतकी माझी शिस्त. पुढे शाळाच उरली नाही, पण उतोने मला काढलं नाही. गुरुजींनी विचारलं तर?

गावातली चाळीसेक माणसं डोंगरातल्या गुहेत लपली. उतोचे वडील लढाईवर नेलेले, आई आधीच वारलेली. बरोबर होती फक्त कामे नावाची आजी. हातांवर निळं गोंदण, तोंडात चार दात, आणि कानाने कमी. आजी शाळेची पायरी कधी चढली नव्हती. जपानीतले तिला दोनच शब्द यायचे, 'साखर' आणि तिच्यावरचा 'कर'. उएझु गुरुजीही त्याच गुहेत होते.

चौथ्या दिवशी जपानी सैनिकांची एक तुकडी आली आणि गुहेच्या तोंडाशी बसली. त्यांच्या नायकाने कागद वाचून दाखवला. जो कुणी बेटाची बोली बोलेल, तो शत्रूचा हेर समजला जाईल आणि जागीच मारला जाईल.

लोकांनी आजीकडे पाहिलं. तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. ती रताळ्याचं साल काढत होती.

उतोने तिच्या कानाला तोंड लावून, आवाज न करता, नुसत्या श्वासाने तिला सांगितलं. आजीने मान हलवली. पण वाडवडिलांना हाक मारल्याशिवाय तिचा एक घास कधी उतरला नव्हता, आणि आपण हाक मारतोय हेही तिला कळायचं नाही. ओठ हलायला लागले, की उतो तिच्या तोंडावर हात ठेवायची. दोन दिवस ती पोर नीट झोपली नाही. तिच्या छातीची धडधड माझ्या फळीला बसत होती.

हुकूम आल्याच्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी अगदी जवळ गोळा पडला. छताचे दगड सुटले. डुलकी लागलेल्या उतोचा हात निसटला आणि आजीने मोठ्याने आपल्या सासूला, आजेसासूला, झाडून सगळ्या पितरांना घरच्या बोलीत हाका मारल्या.

नायक कंदील घेऊन आत आला. "कोण बोललं?"

मित्रांनो, त्या क्षणाची मला आजही भीती वाटते. कारण या माणसांना बोट दाखवायला मीच शिकवलं होतं. त्यांतली अर्धी माझ्याच शाळेत शिकलेली. एक बोट वर झालं असतं, तर आजी गेली होती. मी वाट पाहत राहिले. कुणाचंही बोट हललं नाही.

"शेवटचं विचारतोय," नायक म्हणाला आणि त्याने कमरेचं पिस्तूल काढलं.

उतो उठून उभी राहिली. "मी बोलले, साहेब," ती शुद्ध जपानीत म्हणाली. "ही बघा पाटी. माझी शिक्षा चालूच आहे."

नायकाने कंदील माझ्या तोंडाशी आणला. अक्षरं वाचली. मग गुरुजींच्या मास्तरकीच्या टोपीकडे बघून विचारलं, "मास्तर ना तुम्ही? खरं आहे हे?"

आवाज आजीचा होता, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर पोरांचे शब्द पकडणारा माणूस तो.

"खरं आहे," ते म्हणाले. "फार वाचाळ मुलगी आहे, साहेब. पाटी मीच घातलीय. घाबरली की आजीबाईसारखा आवाज काढते. मी हात टेकले हिच्यापुढे."

नायकाने उतोच्या थोबाडीत मारली. ती पडली. पुन्हा आवाज आला तर पाटी नाही, गोळी, असं सांगून तो गेला.

उतोने ओठावरचं रक्त पुसलं. मग पहिल्यांदाच तिने मला गळ्यातून काढलं आणि आजीच्या तोंडात आडवं घातलं. आजी समजली. तिने मला चार दातांत धरलं.

नऊ दिवस, मित्रांनो. नऊ दिवस मी आजीच्या दाताखाली होते. ती पितरांना हाक मारायची आणि ती हाक माझ्या लाकडात शिरायची. तिथे ती बोली मी पहिल्यांदा नीट ऐकली. इतकी वर्षं मी तिला नुसतं पकडत होते.

दहाव्या सकाळी सैनिक दक्षिणेकडे निघून गेले. थोड्या वेळाने बाहेरून कर्ण्यातून एक आवाज आला, आणि तो आमच्या बोलीत होता. "माझी आई इथलीच. मी अमेरिकेच्या हवाई बेटांवर वाढलो, आता त्यांच्या फौजेत आहे. बाहेर या, पाणी आहे, कुणी मारणार नाही."

कुणी हलेना. उतोने आजीचा हात घट्ट धरला. सगळ्यांनाच वाटलं, सापळा आहे, बोलतं करून मारतील.

कर्णा इतका मोठा, की आजीलाही ऐकू गेलं. तिने मला तोंडातून काढलं. "पोरगा 'पाणी' आपल्यासारखं म्हणतोय," ती म्हणाली. "असं म्हणणारा आईजवळच शिकलेला असतो. चला." आणि उतोला ओढत ती उजेडाकडे निघाली. गुरुजी मागोमाग, मग सगळे. गुहेच्या तोंडाशी थांबून आजी थुंकली आणि गुरुजींना म्हणाली, "मास्तर, फळीला अजून माशाची घाण येते की हो." या विषयावर मला काही बोलायचं नाही.

एवढं झाल्यावर सगळे शहाणे झाले असतील, असं वाटतं ना? लढाई संपली, शाळा तंबूत भरली आणि पोरांच्या गळ्यात नव्या पाट्या आल्या. आपल्या लेकरांच्या गळ्यात कधी काही पडू नये, म्हणून उतोही त्यांच्याशी जन्मभर जपानीच बोलली. मी तिच्या खणात पडून राहिले.

आज उतो नव्वदीच्या पुढे आहे. अमेरिकेचा लष्करी तळ तिच्या परड्यापलीकडे आहे. मी गावच्या सभागृहात काचेआड असते. दर बुधवारी तिथे उतो सहा मुलांना घरची बोली शिकवते. विमान डोक्यावरून गेलं की तिला मधेच थांबावं लागतं, आणि कधीकधी ते जाईपर्यंत शब्दच निसटतो. तेव्हा ती डोळे मिटून बसते. मुलं चुळबुळ करत नाहीत. तो शब्द त्यांना दुसरं कुणी सांगू शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल वाळवी लागू द्या. पण तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस आपल्या बोलीत काही पुटपुटत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कळलं नाही तर हसू नका. म्हणा, पुन्हा सांग.