कागदी ताटली

"हे धरून बघा मावशी. पिसासारखं आहे," असं म्हणत कोन्राडोनं काचेच्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर काढून अकिलिनाच्या पुढ्यात ठेवलं.

अकिलिनानं ते उजव्या हातात घेतलं. खरंच हलकं होतं. इतकं हलकं, की हातात काही आहे यावर तिचा विश्वास बसेना.

"गोळी तुमच्या जुन्या रिव्हॉल्व्हरचीच लागते, चव्वेचाळीस कॅलिबरची. ताकद तेवढीच, वजन निम्मं."

"आणि धक्का?"

कोन्राडो हसला. "धक्का तुमचा."

"मग ठेव ते परत. हातोडी हलकी आणि खिळा मोठा असला की मनगटच मोडतं. माझं आधीच मोडलंय."

मासळीच्या कारखान्यात तीस वर्षं तिनं सामन मासे चिरले होते. थंडगार पाणी, सुरी आणि मनगटाचा एकच झटका, दिवसभर. त्या झटक्यानं मुलं शिकली, घराला नवं छप्पर आलं आणि मनगट गेलं. आता सकाळी चहाची किटली ती डाव्या हातानं उचलत असे.

"झाखरकाकांनी मात्र गेल्या महिन्यात हेच नेलं," कोन्राडो म्हणाला. "आणि दुकानातल्या सगळ्यात जड गोळ्या. मी म्हटलं, काका, आधी थोड्या झाडून बघा, या दोघांचं जमतं का ते कळेल. तर मलाच म्हणतात, तू मनिलाहून आलास तेव्हा माझी दहा अस्वलं बघून झाली होती."

"त्यांना सांगायला गेलास, तिथंच चुकलास तू," अकिलिना म्हणाली.

झाखर तिचा धाकटा दीर. कोडियाक बेटाच्या दक्षिणेला त्यांचं गाव होतं. तिथं रस्ता पोचत नसे, होडी किंवा छोटं विमान एवढंच. नोव्हेंबरात गावातले लोक झाखरच्या होडीतून खाडीच्या टोकाला हरणांच्या शिकारीला जात. त्या डोंगरावर हरणं होती आणि त्या हरणांवर डोळा ठेवून असलेली तपकिरी अस्वलंही होती. बंदुकीचा बार झाला की इथलं अस्वल पळून जात नाही. जेवणाची घंटा झाली असं समजून ते आवाजाच्या दिशेनं निघतं. त्या वेळी शिकाऱ्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत हरणाच्या पोटात असतात आणि रायफल झुडपाला टेकवलेली असते. हाताशी उरतं ते फक्त छातीवर बांधलेलं पिस्तूल.

म्हणून झाखरच्या होडीचा एक नियम होता. निघायच्या आदल्या दिवशी खडीच्या खाणीत जायचं. होडीच्या लांबीइतक्या अंतरावर एक कागदी ताटली टांगायची आणि आपापल्या पिस्तुलानं, फार वेळ न लावता, पाच गोळ्या मारायच्या. निदान चार ताटलीत हव्यात. त्या नसल्या तर त्या माणसानं डोंगर चढायचा नाही. होडीवर राहायचं आणि कांदे परतायचे.

मागच्या वर्षी कांदे अकिलिनानं परतले होते. नवऱ्याच्या मागं बावीस वर्षं वापरलेलं जुनं जड चव्वेचाळीस तिनं उचललं, मनगटात कळ आली, आणि चाप ओढण्याआधीच डोळे मिटले. ताटलीत एकच भोक पडलं. कांदे परतण्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते पुढं. मोसमातलं पहिलं हरीण शिकाऱ्यानं आपल्या घरात शिजवायचं नाही, ज्यांना डोंगरावर जाता येत नाही त्यांच्यात वाटायचं, ही गावाची रीत. म्हाताऱ्या फेडोसियाला, पाय गेलेल्या मॅक्सिमला आणि तशाच आणखी एकदोघांना. मागच्या वर्षी त्या वाटणीतला एक वाटा अकिलिनाच्या घरी आला. जन्मभर तिनं वाटे पोचवले होते. त्या दिवशी तिनं दार उघडून वाटा घेतला, 'बरं झालं हो' म्हणाली, आणि दार लावून ते मांस चुलीवर चढवलं.

यंदा जमलं नाही, तर पुन्हा कधी जमणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मला जड दे," ती कोन्राडोला म्हणाली. "पण गोळी लहान."

त्यानं आधी चौकोनी पिस्तूल दाखवलं, पंधरा गोळ्यांचं. त्याचा वरचा भाग मागं खेचायला तिच्या बोटांची ताकद पुरेना. मग त्यानं पोलादी रिव्हॉल्व्हर काढलं, तीनशे सत्तावन्नचं, आकडा मोठा पण गोळी चव्वेचाळीसपेक्षा लहान, चार इंची नळीचं. ते हातात बसलं. त्याचं वजन तिनं छातीशी धरून पाहिलं, दोन्ही हातांनी समोर धरून पाहिलं. नळीचं टोक हललं नाही.

"झाखरकाका हसतील," कोन्राडो म्हणाला. "म्हणतील, याच्यानं अस्वलाला गुदगुल्या होतील."

"लागलेली गुदगुली, न लागलेल्या तोफेपेक्षा बरी. गोळ्या काढ."

त्यानं दोन डबे पुढं केले. एका डब्यातल्या गोळ्यांना टोकाला खळगा होता.

"या आत गेल्यावर फुलतात."

"कशात फुलतात? नोव्हेंबरातल्या अस्वलावर वीतभर चरबी असते. तिथंच फुलून बसेल. मला हाडापर्यंत जाणारी हवी."

"मग ही. कडक शिसं, नाक चपटं. सरळ जाते."

"सरळ जाणारंच दे बाबा. आयुष्यभर सरळच चालले, आता म्हातारपणी कशाला फुलू?"

कोन्राडो मोठ्यानं हसला आणि त्यानं डब्याबरोबर आईच्या हातच्या तांदळाच्या गोड वड्यांची पुडीही बांधून दिली.

महिन्यानंतर, निघायच्या आदल्या दिवशी, खडीच्या खाणीत वारा नव्हता. झाखर उंच, लांब पांढऱ्या मिशांचा, आपल्या नियमांवर बेहद्द खूश असलेला माणूस. त्यानं अकिलिनाच्या छातीवरचं रिव्हॉल्व्हर पाहिलं आणि मिशी चोळली.

"वहिनी, हे काय? खारी मारायला निघालीस?"

"खारही मारीन. तुमच्या डोक्यावर बसली तर सांगा."

टिमोफी खो खो हसला. टिमोफी गावाचं वीजघर सांभाळत असे आणि यंदा डोंगरावर तो तिचा जोडीदार असणार होता. त्यानं आपल्या पाच गोळ्या आधीच ताटलीत घातल्या होत्या.

अकिलिना उभी राहिली. महिनाभर तिनं रोज घरामागच्या ओहोळाकाठी सराव केला होता. तिनं श्वास सोडला आणि चाप ओढला. धक्का आला, पण तो ढकलल्यासारखा, मारल्यासारखा नाही. डोळे उघडे होते. पाचही गोळ्या झाडून ती ताटलीकडं निघाली, तिला बघायची घाई नव्हती. चार आत होत्या. पाचवी कडेला, ताटलीला खाच पाडून गेलेली.

"पाच," टिमोफी म्हणाला.

"चार," अकिलिना म्हणाली. "कड म्हणजे कड."

झाखरनं भोकं मोजली. नवी ताटली टांगून तो स्वतः उभा राहिला. तो नेहमी शेवटी मारायचा, म्हणजे सगळ्यांना बघायला मिळायचं. पहिला बार झाला तेव्हा त्याचा हात डोक्यापर्यंत उडाला. दुसऱ्याला खाणीच्या भिंतीवरचे कावळेही उठले. तिसऱ्या वेळी त्यानं चाप ओढला आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. गोळ्यांचं चाक जागचं हलेना.

टिमोफीला राहवलं नाही. "आता अस्वलाला म्हणायचं, थांब जरा, किल्ली आणतो."

झाखरनं अंगठ्यानं चाक ढकललं, मग तळहातानं ठोकलं. अकिलिनानं जवळ जाऊन वाकून पाहिलं. हलक्या हत्याराचा धक्का इतका मोठा, की त्या धक्क्यानं उरलेल्या काडतुसांतल्या जड गोळ्या आपल्या नळकांड्यातून सरकत पुढं आल्या होत्या. एकीचं नाक चाकाबाहेर येऊन अडकलं होतं. डोंगरावर हेच झालं असतं, तर हातात फक्त एक महागडा दगड उरला असता.

हसू थांबलं. नियम कोणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"माझं जुनं घ्या," अकिलिना हळू म्हणाली. "घरी आहे. तुमचा हात धडधाकट आहे, तुम्हाला जमेल. पुन्हा पाच मारा."

झाखरनं नकारार्थी मान हलवली. त्याचा डावा हात कोटाच्या खिशात होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की नेम धरतानाही तो हात वर आला नव्हता. दुसरा कोणी असता तर दोन हातांनी धरलं असतं.

"खांदा?" तिनं इतकं हळू विचारलं, की टिमोफीला ऐकू गेलं नाही.

"गप्प बस वहिनी."

"कधीपासून?"

"जाळं ओढताना. वसंतात." त्यानं ताटली काढून घडी घातली. "छातीवर जड बांधलं की पट्टा खांद्याला काचतो, रात्रभर झोप नाही. म्हणून हलकं घेतलं. झालं तुझं समाधान?" मग सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "कांदे आणलेत ना कोणी? यंदा मी परततोय. आणि कोणाला तिखट चालत नसेल, त्यानं आत्ताच सांगावं."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकिलिनानं काळ्या शेपटीचं एक पोसलेलं हरीण पाडलं. एकच गोळी, रायफलची. ती चिरायला बसली आणि टिमोफी वरच्या खडकावर राखणीला उभा राहिला. मागचे पाय आणि कण्यालगतचं मांस तिनं पाठीवरच्या पिशवीत भरलं होतं, पुढचा भाग अजून गवतात होता, तोच खालच्या झुडपांतून फांद्या मोडल्याचा आवाज आला.

अस्वल बाहेर आलं ते धावत नाही, तर आपल्याच अंगणात आल्यासारखं. होडीच्या लांबीइतकंच अंतर राहिलं, तेव्हा ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि नाक वर करून वास घेऊ लागलं.

अकिलिनाचे हात रक्तानं निसरडे झाले होते. तिनं ते मांडीला पुसले, रिव्हॉल्व्हर काढलं आणि दोन्ही हातांनी समोर धरलं. नळीचं टोक हललं नाही.

"मारू का?" वरून टिमोफीचा आवाज आला.

"नको. दम धर. मारलंस तर कातडं सोलून, कवटी काढून सरकारात जमा करावी लागेल. तू सोलणार?"

"मी नाही बुवा."

"मग गप्प राहा." तिनं डोळे अस्वलावरच ठेवले आणि पिस्तूल समोर धरूनच पिशवी एका खांद्यावर ओढली. मग शेजाऱ्याशी बोलावं तशी ती बोलू लागली. "हे बघा म्हातारबा, आतडी तुमची. पुढचा भागही तुमचा, घ्या. मागचं माझं. त्याची गावात माणसं वाट बघतायत. मी घाबरलेय, पण तुम्ही आणखी पुढं आलात तर मला मारावं लागेल, आणि माझा नेम लागतो आता."

अस्वल चारी पायांवर आलं. त्यानं जबडा दोनदा आपटला. ती एक पाऊल मागं गेली, पाठ न दाखवता. मग दुसरं. अस्वलानं आतड्यांच्या ढिगात नाक घातलं आणि पुन्हा वर पाहिलं नाही.

खडकापाशी पोचल्यावर तिनं रिव्हॉल्व्हर म्यानात घातलं. टिमोफीनं पिशवी घ्यायला हात पुढं केला.

"राहू दे," ती म्हणाली. "हे मी नेणार."

होडीवर कांद्याचा वास दरवळत होता. झाखर एका हातानं तवा हलवत होता. त्यानं अर्धी भरलेली पिशवी पाहिली, रक्तानं माखलेलं छातीवरचं कातडी म्यान पाहिलं, आणि तवा बाजूला सारला.

"किती गोळ्या?"

"एकही नाही."

"तेच बरं," तो म्हणाला. "गोळ्या महाग झाल्यात."

जेवण झाल्यावर होडीच्या मालकानं पहिल्या हरणाचे वाटे करायचे, ही रीत. झाखरनं फळी मांडली आणि सुरी उजव्या हातात घेतली. अकिलिनानं मांस धरून ठेवलं, कारण त्याचा डावा हात मांस दाबून धरू शकत नव्हता. फेडोसियाचा मऊ वाटा, तिला दात नव्हते म्हणून. मॅक्सिमचा हाडासकट, त्याला हाडातला मगज आवडायचा. वाटे कागदात बांधून एका रांगेत लागत गेले. शेवटी झाखर थांबला, त्यानं खिशातल्या डाव्या हाताकडं पाहिलं, आणि आणखी एक वाटा कापला. मोठा नाही, लहानही नाही. तो त्यानं स्वतः बांधला, दोरीची एक बाजू दातात धरून, आणि रांगेच्या शेवटी ठेवला.

टिमोफीनं रांगेकडं पाहिलं. "हा कोणाचा? गावात तर एवढेच..."

"टिमोफी," अकिलिना म्हणाली, "नांगर उचल. भरती निघून चाललीय."

टिमोफी बाहेर गेला. झाखर सुकाणूपाशी जाऊन बसला. डावा हात त्यानं खिशातून काढून मांडीवर ठेवला, तळवा वर करून, आणि उजव्या हातानं होडी हळूहळू खाडीबाहेर वळवली.