महानेत्यांच्या टेबलापर्यंतची धाव

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक दालन डोळ्यांसमोर आणा. तुमच्या शाळेच्या मैदानाएवढं लांब. खाली गुळगुळीत संगमरवर. एका टोकाला दार आणि पार दुसऱ्या टोकाला एक टेबल. टेबलामागे बसलेत महानेते. देशात त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांना भेटायला कुणीही येवो, मंत्री असो की सेनापती, त्यानं दारापासून टेबलापर्यंत पळत जायचं, टाचा जुळवून थांबायचं आणि विचारलं तरच बोलायचं. चालत येणारा माणूस महानेत्यांना आळशी वाटे. तिथे ढेरपोट्या मंत्र्यांची काय त्रेधा उडत असेल! हसू येतंय ना? नेरिनालाही यायचं.

दहा वर्षांच्या नेरिनाचे बाबा, जनरल आल्देमीरो सानविताले, हे सैन्याच्या रणगाड्यांचे आणि सगळ्या सामानाचे प्रमुख होते. ते घरी आले की ती विचारायची, "बाबा, आज पळालात?"

"पळालो, आणि घसरलो नाही," बाबा मिशीतल्या मिशीत हसायचे. "झाली आजची देशसेवा."

पण त्या वसंतात बाबांचं हसू आटलं. डोंगरापलीकडच्या शेजाऱ्यावर चाल करून जायचं महानेत्यांच्या मनानं घेतलं होतं. आणि नेरिनाचा मोठा भाऊ रुज्जेरो रणगाड्यांच्या पलटणीत होता.

"रणगाडे कसले, सार्डिन मासळीचे पत्र्याचे डबे ते!" सुट्टीवर आलेला रुज्जेरो जेवताना सांगत होता. "पत्रा इतका पातळ की बंदुकीची गोळीसुद्धा आरपार जाईल. चढ आला की आम्ही खाली उतरतो आणि ढकलतो."

नेरिना खो-खो हसली. आई मात्र हसली नाही. ती बाबांकडे वळली. "तुम्ही हे सांगणार आहात ना त्यांना?"

"सांगणार. गुरुवारी बोलावलंय. आपली तयारी नाही, दोन वर्षं तरी थांबा, असं तोंडावर सांगणार."

"शब्द द्या."

"दिला."

त्या रविवारी विमानदलाचे मंत्री फोस्को तार्लाझी जेवायला आले. बाबा आणि ते एकमेकांना अगदी पाण्यात पाहायचे. तरीही अधूनमधून एकमेकांकडे जेवायला जायचे. महानेत्यांच्या माणसांची रीतच होती तशी. जेवणं थांबली की 'या दोघांचं काहीतरी बिनसलंय' असं लगेच वरपर्यंत पोचायचं.

"वा, सिन्योरा!" तार्लाझी आईला म्हणाले. "आर्टिचोकची भाजी काय सुरेख शिजलीय. जनरलसाहेबांचं सैन्य हिच्या निम्मं जरी शिजलेलं असतं, तरी मी आज निवांत झोपलो असतो."

"तुमची विमानं सुरेखच आहेत, फोस्को," बाबा म्हणाले. "परवाच्या पाहणीत सकाळी उत्तरेच्या तळावर शोभून दिसली. तीच दुपारी दक्षिणेच्या तळावरही शोभून दिसली. दमली असतील बिचारी. जेवायलासुद्धा वेळ मिळाला नसेल त्यांना!"

तार्लाझींचा काटा हवेतच थांबला. मग ते गोड हसले. "आणि तुमच्या शिपायांचे बूट काय म्हणतात? पुठ्ठ्याचे तळवे पावसात फुगतात, असं कानावर आलं."

आईनं पाव पुढे सरकवला.

"बघा जनरलसाहेब," तार्लाझी तोंड पुसत म्हणाले, "तुम्ही माझं झाकण उघडलंत, तर मी तुमचं उघडणार. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. आता तुम्हाला 'थांबा' म्हणायचंच असेल, तर खुशाल म्हणा. तुमची खुर्ची रिकामी झाली की माझा भाचा बसेल तिच्यावर. पोरगा कधीचा उभा आहे."

गुरुवारी दुपारी सगळे सुपाच्या ताटल्या पुढे घेऊन बाबांची वाट पाहत बसले होते. बाबा आले ते लालबुंद होऊन. कॉलर घामानं भिजली होती, पण डोळे चमकत होते.

"जिरवली!" खुर्चीवर बसता बसता ते म्हणाले. "आम्हा दोघांना एकदमच आत बोलावलं. दार उघडलं आणि पळालो. तो तार्लाझी मुद्दाम लांब लांब ढांगा टाकत पुढे गेला. मी पोचलो तेव्हा मला ही धाप! महानेत्यांनी विचारलं, 'तयारी आहे का?' मला शब्द फुटेना. तेवढ्यात तो म्हणतो, 'विमानं उद्या म्हणाल तर उद्या उडतील. जनरलसाहेबांना मात्र, बघताय ना, दम लागतो.' आणि महानेते हसले. मला हसले!"

"मग?" आईनं विचारलं.

"मग काय! मी म्हणालो, विमानं उद्या उडणार असतील तर माझे रणगाडे आजच निघतील. तार्लाझीचं तोंड असं उतरलं म्हणून सांगू! महानेत्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला."

सूप निवत होतं. चमच्याला कुणीही हात लावला नाही.

"आजच, बाबा?" रुज्जेरोनं हळूच विचारलं.

"आज म्हणजे अगदी आज नव्हे. महिनाभर जाईल. तोवर तार्लाझीचं पितळ उघडं पडेलच. मग महानेते आपसूकच थांबतील."

"तार्लाझीही आत्ता त्यांच्या बायकोला हेच सांगत असतील," आई म्हणाली. "तुमच्या पितळाबद्दल."

नेरिना आळीपाळीनं दोघांकडे पाहत होती. "बाबा," ती म्हणाली, "मग पत्रा पातळ आहे, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"जेव मुकाट्यानं."

"विचारलं तरच बोलायचं, ते माहीत आहे मला. पण त्यांनी विचारलं होतं ना?"

बाबांनी हातरुमालाची घडी घातली, पुन्हा मोडली आणि न जेवताच झोपायला गेले. दुपारच्या जेवणानंतर सगळं शहरच झोपायचं. दुकानांची दारं, खिडक्यांच्या झडपा, सगळं बंद.

रुज्जेरो त्याच्या खोलीत पिशवी भरत होता. संध्याकाळी त्याला पलटणीत परत जायचं होतं.

"कुणीतरी त्यांना सांगायला हवं," नेरिना दारातून म्हणाली.

"वेडी आहेस. जो तो सांगायलाच जातो गं. पण शेजारचा पुढे पळताना दिसला की कशाला आलोय तेच विसरतो." त्यानं तिचा गाल ओढला आणि मोजे गुंडाळायला घेतले.

नेरिना खाली आली. बाबांच्या अभ्यासिकेत काळा टेलिफोन होता. तो उचलला की थेट महानेत्यांच्या राजवाड्यातच लागायचा. त्याला हात लावायची घरात कुणालाच परवानगी नव्हती. आपण बोललो तर बाबांची खुर्ची जाईल आणि बाबा कदाचित आयुष्यभर आपल्याशी बोलणार नाहीत, हे तिला पुरतं कळत होतं. वरच्या खोलीत रुज्जेरो शीळ घालत होता. ती शीळ ऐकत नेरिना थोडा वेळ तिथेच उभी राहिली.

मग तिनं अभ्यासिकेचं दार आतून लावून घेतलं आणि दोन्ही हातांनी टेलिफोन उचलला.

"बोला, जनरलसाहेब," पलीकडून आवाज आला.

"जनरलसाहेब झोपलेत," नेरिना म्हणाली. "मी त्यांची मुलगी. त्यांचं एक उत्तर चुकलंय, ते सांगायचंय."